रेल्वेच्या पोटी जन्मलेली विमानकंपनी

बंद पडलेल्या रेल्वेचा इतिहास लिहिणे त्या मानाने सोपे. रूळ उखडून नेले तरी मातीचा भराव राहतो, नदीत पुलाचे खांब उभे राहतात, एखाद्या स्टेशनच्या पडक्या इमारतीत शेळ्या बसलेल्या दिसतात. विमानकंपनीचे तसे नाही. आकाशात चाकोरी उमटत नाही. कंपनी मिटली की विमानांवर दुसरे नाव चढते, माणसे दुसऱ्या नोकरीत जातात आणि मागे उरतात ते कागद. म्हणूनच की काय, आमच्याकडच्या शिकल्यासवरल्या माणसांजवळ डेक्कन एअरवेजचे नाव काढले, की ते २००३ साली बंगलोरहून निघालेल्या एअर डेक्कनबद्दल बोलू लागतात. तीही आता राहिलेली नाही, ही गोष्ट वेगळी. मी म्हणतो ती कंपनी तिच्याहून सुमारे साठ वर्षांनी वडील. हैदराबाद संस्थानात १९४५ साली स्थापन झालेली, १९४६ च्या जुलैत उडू लागलेली आणि १९५३ साली संपलेली.

गंगापूरच्या मास्तराने हैदराबादच्या विमानांची उठाठेव का करावी, असे कोणी विचारील. त्याला उत्तर आहे. आमच्या तालुक्यात कायगावाजवळ प्रवरा गोदावरीला मिळते. नदीच्या अलीकडे कायगाव, पलीकडे टोके. आज हे अंतर मोटारीला क्षणाचे; पण १९४८ पर्यंत ह्या पाण्याच्या दोन तीरांवर दोन राज्ये होती. पलीकडे इंग्रजांचा अहमदनगर जिल्हा, अलीकडे निजामाचा औरंगाबाद. पलीकडे कलदार रुपया, अलीकडे हाली शिक्का. माल ओलांडायचा तर करोडगिरी भरावी लागे. ज्या राज्याला स्वतःचे नाणे, स्वतःचे टपाल, स्वतःचा जकातनाका होता, त्याने स्वतःची विमानेही बाळगली होती. आमचे आजे-पणजे त्या राज्याचे रयत होते. तेव्हा ही कंपनी, आवडो वा न आवडो, आमचीही होती.

तिच्या जन्माची हकीकत मोठी विलक्षण आहे. भागीदार दोन: एक टाटांची विमानकंपनी, आणि दुसरी निजाम स्टेट रेल्वे. एका रेल्वेने विमानकंपनी काढावी, हे ऐकून नवल वाटते; पण ह्या रेल्वेच्या अंगी ती खोडच होती. १९०० साली मनमाड-हैदराबाद हा मीटरगेज मार्ग सुरू झाला. आमच्या तालुक्यातले लासूर स्टेशन त्याच मार्गावरचे. पुढे १९३० साली संस्थानाने ही रेल्वे कंपनीकडून विकत घेतली. दोनच वर्षांनी, १९३२ च्या जूनमध्ये, रेल्वेने २७ बसगाड्या आणि १६६ नोकर घेऊन रस्त्यावरची प्रवासी वाहतूक सुरू केली. इतरत्र रेल्वेवाले मोटारवाल्यांच्या नावाने बोटे मोडीत असताना इथे रेल्वेच मोटारवाली झाली. मग तिसरी पायरी आकाशाची. रूळ, रस्ता आणि आकाश अशा तिन्ही वाटा एकाच कचेरीच्या हाती, असा प्रकार हिंदुस्थानात दुसरीकडे क्वचितच सापडेल. बसगाड्यांचा इतिहास आपल्या एस. टी. च्या इतिहासात कुठेतरी येतो, रेल्वेचा रेल्वेच्या. तिसऱ्या वाटेचा मात्र कोणाच्याच वहीत नीट आलेला नाही. ज्या रेल्वेच्या उत्पन्नातून हे पंख फुटले, त्या उत्पन्नात जालन्याच्या कापसाचा आणि लासूरच्या धान्याचाही वाटा होता, एवढे तरी आपण ध्यानात ठेवायला हरकत नव्हती.

विमाने होती डाकोटा. महायुद्ध संपले तेव्हा अमेरिकन सैन्याची शेकडो विमाने हिंदुस्थानात पडून होती. ती विक्रीला निघाली. लष्करी डाकोटात दोन बाजूंना पत्र्याची लांब बाके असत. ती काढून खुर्च्या बसवायच्या, आत अस्तर लावायचे, खिडक्यांना पडदे लावायचे, की झाले प्रवासी विमान! वीस-पंचवीस माणसे बसत. दोन इंजिने, प्रत्येकी सुमारे बाराशे अश्वशक्तीची, आणि शेपटाखाली लहानसे चाक. त्यामुळे विमान जमिनीवर उभे असताना नाक वर करून असे, आणि प्रवाशाला आपल्या खुर्चीपर्यंत चढण चढावी लागे. अशी डझनभर विमाने बेगमपेठच्या तळावर होती. तिथून दिल्ली, मद्रास, बंगलोर, मुंबई, नागपूर अशी ती जात. भाड्याने ठरवून मध्यपूर्वेकडेही जात.

ह्या कंपनीचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने एका अडचणीची तयारी ठेवावी. संस्थानी दफ्तरातले साल फसली असते. १३५५ फसली म्हणजे साधारण ऑक्टोबर १९४५ ते ऑक्टोबर १९४६. महिने आजूर, बहमन, खुर्दाद, तीर. रुपये म्हटले की हाली की कलदार, हे आधी पाहावे, कारण सात रुपये हाली म्हणजे सहा रुपये कलदार. मी हे फळ्यावर मांडले, तेव्हा मुलांना ते त्रैराशिकाचे उदाहरण वाटले; आणि ते खरेही होते. त्या मानाने विमानाचा माग काढणे सोपे. प्रत्येक हिंदी विमानाला ‘व्हीटी’ ह्या अक्षरांपुढे स्वतःची तीन अक्षरे असतात. मालक बदलला, रंग बदलला, तरी ती सहसा बदलत नाहीत. खेड्यात एखाद्या बैलाच्या डागावरून त्याचे मूळ घर ओळखतात, तसेच हे.

कंपनीच्या पदरी एक मोठे श्रेय आहे, आणि ते निर्भेळ नाही. प्रेम माथुर ह्या बाईंना १९४७ साली व्यापारी वैमानिकाचा परवाना मिळाला. परवाना मिळाला तरी नोकरी मिळेना; बाई विमान चालवते म्हटल्यावर प्रवासी बसतील का, ही भीती. एकामागून एक कंपन्यांनी नकार दिला. शेवटी डेक्कन एअरवेजने त्यांना सहवैमानिक म्हणून घेतले. हिंदुस्थानातली पहिली व्यापारी महिला वैमानिक अशी ह्या रेल्वेच्या विमानात बसली! परंतु विमानाचे प्रमुखपद त्यांना हवे होते, ते कंपनीने दिले नाही. १९४९ साली राष्ट्रीय हवाई शर्यत जिंकणारी बाई उजवीकडच्या खुर्चीवरच ठेवायची, हे मला तरी उमगत नाही. त्यांनी नोकरी सोडली. ह्या कंपनीचे गुणगान करताना पहिले वाक्य सांगून दुसरे गाळण्याची चाल पडली आहे. ती बरी नव्हे.

१९४८ चा काळ आला. त्या वर्षी सिडने कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन साहसी रात्रीच्या अंधारात कराचीहून लँकेस्ट्रियन विमानांतून शस्त्रे आणून बिदर-वरंगळला उतरवीत होता. ह्या चोरट्या विमानांची आणि डेक्कन एअरवेजची लोक आजही गल्लत करतात. ती विमाने कॉटनची होती, ह्या कंपनीची नव्हेत. १३ सप्टेंबरला पोलिस कारवाई सुरू झाली, १७ ला संपली. त्यानंतर आमच्या भागात निजामाचे म्हणून जे जे होते, ते विसरून जावे अशीच लोकांची भावना झाली. रझाकारांचा जाच ज्यांनी सोसला, त्यांना ह्यात दोष कोण देईल? पण विसरण्याच्या त्या लोंढ्यात विमानांबरोबर ती चालवणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या शेकडो साध्या नोकरांची आयुष्येही वाहून गेली.

कंपनी मात्र चालू राहिली, आता स्वतंत्र भारतात. दिवस बरे नव्हते. युद्धानंतर स्वस्त डाकोटा मिळाल्या म्हणून जो तो विमानकंपनी काढून बसला होता, आणि सरकारने परवाने सढळ हाताने वाटले होते. पेट्रोल महाग, प्रवासी थोडे. १९५० साली न्यायमूर्ती राजाध्यक्ष ह्यांच्या समितीने सगळ्या कंपन्यांचे हिशेब तपासले आणि इतक्या कंपन्यांना पुरेल एवढा धंदाच देशात नाही, असे स्पष्ट सांगितले. ताबडतोब राष्ट्रीयीकरण करा, असे मात्र समितीचे म्हणणे नव्हते; कंपन्यांनी आपसांत एक व्हावे, असा तिचा कल होता. त्यांनी तसे केले नाही. त्यातच डेक्कनवर घाला आला: १९५१ च्या नोव्हेंबरात तिचे विमान कलकत्त्याजवळ कोसळले आणि सतरांपैकी सोळा जण दगावले. त्याच महिन्यात कंपनीची जन्मदात्री निजाम स्टेट रेल्वे मध्य रेल्वेत विलीन झाली. पुढच्या फेब्रुवारीत नागपूरला सोनेगावच्या तळावर आणखी एक अपघात झाला.

१९५३ साली संसदेने कायदा केला आणि १ ऑगस्टला इंडियन एअरलाइन्स कॉर्पोरेशन सुरू झाले. एअर इंडियाच्या देशांतर्गत मार्गांबरोबर आणखी सात कंपन्या त्यात गेल्या; डेक्कन त्यांतली एक. नव्या महामंडळाच्या वाट्याला ९९ विमाने आली आणि त्यांतल्या ७४ डाकोटाच होत्या. प्रेम माथुर त्याच वर्षी तिथे नोकरीला लागल्या. बेगमपेठच्या तळावरून प्रवासी विमाने २००८ च्या मार्चपर्यंत उडत राहिली.