मोटारगाडीचा वापरखर्च आणि इंधननिवड (महाराष्ट्र)

मोटारगाडीचा वापरखर्च म्हणजे गाडी विकत घेणे, ती बाळगणे व चालवणे यांसाठी मालकाला होणारा एकूण खर्च होय. यात किंमत, रस्ता कर, विमा, इंधन, देखभाल आणि घसारा यांचा समावेश होतो. महाराष्ट्रात खाजगी मोटारीवरील रस्ता कर नोंदणीच्या वेळी एकदाच भरावा लागतो व त्याचा दर इंधनप्रकारानुसार बदलतो. इंधनावरील बचत मात्र प्रत्येक किलोमीटरमागे थोडी थोडी होत जाते. त्यामुळे कोणत्या इंधनाची गाडी स्वस्त पडेल हे मुख्यतः ती किती व कशी चालवली जाणार आहे यावर अवलंबून असते.

खर्चाचे घटक

वापरखर्चाचे स्थिर व चल असे दोन भाग पडतात. गाडी दारात उभी असली तरी जो टळत नाही तो स्थिर खर्च. कर, नोंदणी शुल्क, विमा, कर्जावरील व्याज व घसारा हे त्यात मोडतात. नव्या मोटारीसाठी १ सप्टेंबर २०१८ पासून तीन वर्षांचा त्रयस्थ पक्ष विमा सक्तीचा आहे. इंधन, टायर, सर्व्हिसिंग, पथकर व वाहनतळ शुल्क हा चल खर्च असून तो वापराबरोबर वाढतो. गाडी जितकी कमी चालते तितका प्रति किलोमीटर स्थिर खर्चाचा वाटा मोठा होतो.

रस्ता कर

रस्त्यावर वापरण्याजोग्या वाहनांवर कर बसवण्याचा अधिकार भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीने (नोंद ५७) राज्यांना दिला आहे. म्हणूनच एकाच गाडीवरील कर राज्याराज्यांत वेगळा असतो. महाराष्ट्रात हा कर १९५८ च्या मोटार वाहन कर अधिनियमानुसार आकारला जातो. व्यक्तीच्या नावे असलेल्या मोटारीसाठी किमतीच्या टक्केवारीत पुढीलप्रमाणे एकरकमी कर आहे (सीएनजी व एलपीजीचे दर १ जुलै २०२५ पासूनचे):

- पेट्रोल: १० लाख रुपयांपर्यंत ११, १० ते २० लाखांपर्यंत १२, त्यावर १३ टक्के
- डिझेल: अनुक्रमे १३, १४ व १५ टक्के
- सीएनजी व एलपीजी: अनुक्रमे ८, ९ व १० टक्के

कंपनीच्या नावे असलेल्या किंवा आयात केलेल्या पेट्रोल व डिझेल मोटारींना २० टक्के दर लागू होतो. कराची कमाल मर्यादा जुलै २०२५ मध्ये २० लाखांवरून ३० लाख रुपये करण्यात आली. विद्युत मोटारींना राज्याने करमाफी दिली आहे.

खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षे वैध असते. गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून अधिक काळ ठेवल्यास तेथे पुन्हा नोंदणी करून कर भरावा लागतो. वारंवार बदली होणाऱ्या पात्र नोकरदारांसाठी २०२१ मध्ये ‘बीएच’ ही नोंदणीमालिका सुरू झाली. तिच्यात कर दोन-दोन वर्षांच्या हप्त्यांत भरता येतो.

इंधनप्रकार

पेट्रोल: गाडीची किंमत व देखभाल तुलनेने कमी असते, मात्र प्रति किलोमीटर इंधनखर्च जास्त येतो. पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या इथेनॉलमध्ये प्रति लिटर ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते. त्यामुळे मिश्रणाचे प्रमाण वाढले की मायलेज काहीसे घटते.

डिझेल: प्रति लिटर ऊर्जा अधिक आणि इंजिनाची कार्यक्षमता जास्त असल्याने मायलेज चांगले मिळते. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले आणि पेट्रोलच्या तुलनेतील स्वस्ताईचा पूर्वीचा मोठा फायदा ओसरला. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाल्यावर धूर शुद्ध करणारी यंत्रणा महाग झाली व अनेक लहान डिझेल मोटारी बाजारातून गेल्या. या गाड्यांतील काजळी-गाळणी स्वच्छ होण्यासाठी गाडी अधूनमधून सलग वेगाने चालावी लागते. रोज केवळ दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्या केल्यास ती तुंबण्याचा संभव असतो.

सीएनजी: हा वायू किलोग्रॅमवर विकला जातो. प्रति किलोमीटर खर्च कमी येतो, परंतु टाकीमुळे डिकीतील जागा घटते व इंजिनाची शक्ती थोडी कमी पडते. टाकीची ठरावीक मुदतीने दाबचाचणी करावी लागते. मुंबई व पुणे परिसरात पंपांचे जाळे दाट आहे. अन्यत्र ते विरळ असल्याने प्रवासाचा मार्ग लक्षात घ्यावा लागतो.

विद्युत: या मोटारींवर वस्तू व सेवा कर ५ टक्के असून घरी चार्जिंग केल्यास ऊर्जाखर्च सर्वांत कमी येतो. मात्र गाडीची किंमत जास्त असते. सोसायटीच्या वाहनतळात चार्जिंगची सोय नसल्यास सार्वजनिक केंद्राचा अधिक दर बचतीचा बराच भाग खातो. घरगुती वीजदर टप्प्यांनी वाढत असल्याने चार्जिंगमुळे एकूण वापर वरच्या टप्प्यात जाण्याचीही शक्यता असते.

समतोल अंतर

महाग गाडीवर सुरुवातीला केलेला जादा खर्च इंधनाच्या बचतीतून भरून येण्यासाठी जितके अंतर चालावे लागते त्याला समतोल अंतर म्हणता येते. कर धरून येणाऱ्या किमतींतील फरकाला प्रति किलोमीटर बचतीने भागले असता ते मिळते.

पुढील उदाहरणातील किमती, इंधनदर व मायलेज गृहीत धरलेले आहेत. एकाच गाडीची किंमत पेट्रोलमध्ये ११ लाख, सीएनजीमध्ये ११ लाख ९५ हजार व डिझेलमध्ये १२ लाख ५० हजार रुपये असल्यास कर अनुक्रमे १,३२,०००, १,०७,५५० व १,७५,००० रुपये होतो. सीएनजी व पेट्रोलच्या किमतींतील ९५ हजारांचा फरक करानंतर ७०,५५० रुपयांवर येतो. उलट डिझेलचा दीड लाखाचा फरक १,९३,००० रुपयांपर्यंत वाढतो.

- पेट्रोल (१०४ रुपये लिटर, मायलेज १५): प्रति किमी ६.९३ रुपये
- डिझेल (९१ रुपये लिटर, मायलेज १९): प्रति किमी ४.७९ रुपये
- सीएनजी (८० रुपये किलो, मायलेज २२): प्रति किमी ३.६४ रुपये

यावरून पेट्रोलच्या तुलनेत डिझेलचे समतोल अंतर सुमारे ९०,००० किमी, तर सीएनजीचे सुमारे २१,४०० किमी येते. वर्षाला ९,००० किमी चालणाऱ्या कुटुंबाला डिझेलचा जादा खर्च वसूल होण्यास दहा वर्षे लागतील. १८,००० किमी चालवणाऱ्यास तो पाच वर्षांत वसूल होईल. सीएनजीच्या बाबतीत हाच काळ अनुक्रमे सुमारे अडीच वर्षे व चौदा महिने आहे.

या गणितात देखभाल, व्याज व पुनर्विक्रीची किंमत धरलेली नाही. गाडी समतोल अंतर गाठण्याआधी विकली गेल्यास अपेक्षित बचत हाती येत नाही. दिल्ली व राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात दहा वर्षांहून जुन्या डिझेल व पंधरा वर्षांहून जुन्या पेट्रोल वाहनांवर आलेल्या निर्बंधांसारखे निर्णय जुन्या गाडीची किंमत बदलू शकतात.

वापरानुसार निवड

शहरातील कमी व तुटक वापरासाठी पेट्रोल, पंप जवळ असलेल्या नियमित ये-जा करणाऱ्यांसाठी सीएनजी, तर महामार्गावर सातत्याने लांबचा प्रवास करणाऱ्यांसाठी डिझेल किफायतशीर ठरू शकते. रोजचे अंतर ठरलेले असून घरी चार्जिंगची सोय असल्यास विद्युत मोटारीचा विचार करता येतो. वर्षातून एकदोनदा गावी जाण्यासाठी मोठी किंवा डिझेल गाडी घेतल्यास तिचा जादा कर व घसारा वर्षभर सोसावा लागतो. अशा प्रवासापुरती भाड्याची गाडी पुष्कळदा स्वस्त पडते.

इतर देशांतील पद्धत

युनायटेड किंग्डममध्ये वाहनकर दरवर्षी भरावा लागतो. मार्च २००१ पासून नव्या मोटारींसाठी तो कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनाशी जोडण्यात आला. एप्रिल २०१७ नंतर नोंदलेल्या मोटारींना पहिल्या वर्षी उत्सर्जनानुसार व पुढे बहुतांशी समान दराने कर लागतो. एप्रिल २०२५ पासून विद्युत मोटारीही या कराच्या कक्षेत आल्या. वार्षिक करामुळे तेथे गाडी विकल्यावर मालकाचा पुढील करभार थांबतो. महाराष्ट्रात मात्र कराचा संपूर्ण भार पहिल्या दिवशीच उचलावा लागतो.