चिठ्ठीविना मिळणारी गोळी

मेडिकलमध्ये ‘माला-डी’ मागितली की काउंटरपलीकडचा माणूस डॉक्टरची चिठ्ठी विचारत नाही. पाकीट कागदात गुंडाळतो, सुटे परत करतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. रोज घ्यायची गर्भनिरोधक गोळी अशी चिठ्ठीविना घ्यायला अमेरिकेतल्या बायकांना मार्च २०२४ उजाडला. ब्रिटनमध्ये ही सोय २०२१ मध्ये झाली, तीही एकाच प्रकारच्या गोळीपुरती. या बाबतीत आपण त्यांच्या कितीतरी पुढे होतो म्हणायचं. कसे, ते पाहण्यासारखं आहे.

र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं आणि त्यापायी विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी गमावली. गोळीचा तेव्हा पत्ताच नव्हता. पण त्यांच्याकडे साधन मिळे आणि ते कसं वापरायचं हेही कळे. शिवाय मूल हवं की नको हा निर्णय बाईचा, हे त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून पंचवीसहून अधिक वर्षं सांगितलं.

गोळीचं मूळ मेक्सिकोत आहे. तिथे १९५१ मध्ये सिंटेक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत लुइस मिरामोंतेस आणि कार्ल जेरासी यांच्या हातून नॉरेथिस्टेरॉन तयार झालं, त्यासाठी लागणारा कच्चा माल रानटी कंदातून यायचा. अमेरिकेत १९६० मध्ये गर्भनिरोधनासाठी मंजुरी मिळाली ती त्याच्याच जातीतल्या दुसऱ्या संप्रेरकाच्या गोळीला, ‘एनोव्हिड’ला. तिच्यात संप्रेरकाची मात्रा जवळजवळ दहा मिलिग्रॅम होती. रक्ताच्या गुठळ्यांच्या तक्रारी आल्या, मात्रा उतरत गेली. आजच्या माला-डीच्या एका गोळीत लेव्होनॉरजेस्ट्रेल ०.१५ आणि इथिनिल इस्ट्राडिऑल ०.०३ मिलिग्रॅम असतं.

आपल्याकडे सरकारी कुटुंबनियोजन १९५२ मध्ये सुरू झालं, पण सुरुवातीचा भर दिवस मोजण्यावर होता. आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर गांधींच्या अनुयायी, त्यांना संयमाचाच मार्ग पटत होता. सुरक्षित दिवस कळावेत म्हणून बायकांना रंगीत मण्यांच्या माळा दिल्या गेल्या. पुढे गर्भाशयात बसवायचा लूप आला, मग नसबंदीचं लक्ष्य आलं, आणीबाणीत ते कुठवर गेलं हे सांगायला नको. रोज आठवणीने घ्यायच्या गोळीवर नियोजनकर्त्यांचा फारसा भरवसा नव्हता. एकदा केलं की सुटलं, असाच उपाय त्यांना हवा होता.

दुकानाची वाट मात्र ‘निरोध’ या कंडोमने पाडली. १९६८ मध्ये चहा, साबण, सिगारेट विकणाऱ्या कंपन्यांच्या गाड्यांतून तो खेड्यातल्या दुकानांपर्यंत गेला, पंधरा पैशांना तीन. त्याच वाटेने १९८७ मध्ये सरकारी अनुदानाची माला-डी आली. सरकारी केंद्रांवर फुकट मिळणारी ती माला-एन. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेची ‘सहेली’ १९९१ मध्ये आली. ती संप्रेरकाची नाही आणि पहिल्या तीन महिन्यांनंतर आठवड्याला एकच घ्यायची असते. ठरावीक कमी मात्रेच्या गोळ्यांना चिठ्ठीच्या अटीतून सूट मिळाली. २००५ मध्ये संबंधानंतर घ्यायची तातडीची गोळीही खुली झाली, आणि पुढे तिच्या जाहिराती टीव्हीवर इतक्या झळकल्या की अनेकांना गोळी म्हणजे तीच वाटू लागली.

म्हणजे आपल्याकडची चिठ्ठी सुटली ती लोकसंख्येचे आकडे खाली आणायच्या घाईत, बाईच्या सोयीसाठी नव्हे. माल पोचवायची व्यवस्था उभी राहिली, विचारपूस तिच्यात बसवलीच नाही. इंग्लंडमध्ये डिसेंबर २०२३ पासून औषधविक्रेते स्वतः गोळी सुरू करून देतात, आणि दोन संप्रेरकांची संयुक्त गोळी देण्याआधी रक्तदाब नि वजन तपासतात. आपल्या २०१५ च्या फार्मसी नियमांतही गिऱ्हाइकाला सल्ला देणं हे फार्मासिस्टचं काम म्हणून लिहिलेलं आहे. पण चार माणसांच्या गर्दीत, ओळखीच्या दुकानात, कोण विचारणार आणि कोण सांगणार? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली होती. गोळी घेणाऱ्या ५.१ टक्के.

तेव्हा काउंटरवरून पाकीट घेणार असाल तर आधी रक्तदाब मोजून घ्या. तो वाढलेला असेल, डोळ्यांपुढे चमकून अर्धशिशी उठत असेल, पस्तिशी उलटून तंबाखू ओढत असाल किंवा बाळ सहा महिन्यांच्या आतलं अंगावर पीत असेल, तर माला-डीसारखी संयुक्त गोळी तुमच्यासाठी नाही. दुसरा उपाय डॉक्टरांना विचारा.