निळा, पांढरा, काळा: इंजिन पुन्हा बांधल्यानंतरचा धूर आणि त्याच्या निदानाचा इतिहास

१. प्रस्तावना

तंत्रज्ञानाचा इतिहास म्हटला की आपल्यासमोर शोध आणि शोधक येतात. यंत्र बाजारात आल्यानंतर ते वर्षानुवर्षे चालते कोणी ठेवले, हा प्रश्न मात्र मागे पडतो. या पाठात आपण त्या प्रश्नाचा एक छोटा भाग पाहणार आहोत. जुने मोटार इंजिन उघडून पुन्हा बांधले, गाडी सुरू झाली आणि मागून धूर येऊ लागला, तर दोष कुठे आहे हे कसे ओळखायचे? ही विद्या कशी घडली आणि भारतात तिला एवढे महत्त्व का आले, हे समजून घेणे हे या पाठाचे उद्दिष्ट आहे.

२. तेल जाळणे ही एके काळची रीत

सिलिंडरमध्ये पिस्टन वरखाली होतो. त्या दोहोंतील फट बंद ठेवण्याचे काम पिस्टनच्या खाचेत बसवलेल्या रिंगा करतात. धातूची लवचिक, एका ठिकाणी कापलेली रिंग इंग्लंडमधील अभियंता जॉन रॅम्सबॉटम याने 1850 च्या दशकात वाफेच्या इंजिनासाठी रूढ केली. पुढे तीच कल्पना पेट्रोल इंजिनात आली.

सुरुवातीच्या अनेक मोटारींत तेल थेंबाथेंबाने इंजिनात सोडले जाई. ते परत गोळा होत नसे, तर बरेचसे जळून जाई. त्यामुळे निळसर धूर हा दोष मानला जात नसे. चार्ल्स नाइट या अमेरिकन संशोधकाचे सरकत्या बाहीच्या झडपांचे इंजिन ब्रिटिश डेमलर कंपनीने 1908 च्या सुमारास स्वीकारले. ते शांत चालण्यासाठी नावाजले गेले आणि तेल पिण्यासाठीही. पुढे तेल खालच्या टाकीतून पंपाने फिरवून पुन्हा वापरण्याची पद्धत रुळली आणि तेल खरवडून खाली पाठवणाऱ्या वेगळ्या रिंगा आल्या. तेव्हापासून धूर हा आजाराचे लक्षण ठरला. म्हणजे लक्षणाचा अर्थही काळानुसार बदलतो, हे येथे लक्षात घ्या.

३. भारतात इंजिन पुन्हा का बांधले जाई?

हिंदुस्तान मोटर्सची स्थापना 1942 मध्ये आणि प्रीमियर ऑटोमोबाइल्सची 1944 मध्ये झाली. नुसती जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना 1950 च्या दशकात आवरते घ्यावे लागले. मुंबईत 1928 पासून जुळणी करणारी जनरल मोटर्सही 1954 मध्ये थांबली. त्यानंतर अनेक वर्षे ग्राहकासमोर प्रामुख्याने अॅम्बेसेडर, फियाट आणि स्टँडर्ड एवढेच पर्याय होते. 1970 च्या दशकात देशात वर्षाला पन्नास हजारही मोटारी तयार होत नसत. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे.

अशा स्थितीत झिजलेले इंजिन टाकून देणे परवडणारे नव्हते. सिलिंडर झिजला की तो थोडा मोठा कापून घ्यायचा, म्हणजे बोअरिंग करायचे, आणि त्यात मोठ्या मापाचा पिस्टन बसवायचा. अॅम्बेसेडरच्या 1489 सीसी इंजिनासाठी असे पिस्टन इंचाच्या हजाराव्या भागांत, दहा, वीस, तीस, चाळीस अशा पायऱ्यांनी मोठे असत. प्रत्येक बोअरिंगने सिलिंडरची भिंत पातळ होते, म्हणून ही संधी मोजक्याच वेळा मिळते. चुकीचे निदान करून इंजिन विनाकारण पुन्हा उघडले तर टॅक्सीवाल्याची काही दिवसांची कमाई जाई, आणि बोअरिंग फुकट गेले तर इंजिनाचे उरलेले आयुष्यही. धूर वाचता येणे म्हणूनच मोलाचे होते.

४. धुराचे तीन रंग

काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी. कारण बहुधा कार्बोरेटर, अडकलेला चोक किंवा तुंबलेला एअर फिल्टर. यासाठी इंजिन उघडण्याची गरज नसते.

पांढरा धूर म्हणजे वाफ. थंड सकाळी सुरुवातीला दिसून इंजिन तापताच नाहीसा होत असेल तर काळजीचे कारण नाही. तापल्यावरही टिकत असेल आणि रेडिएटरमधील पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केट नीट बसलेले नाही, हेड वाकडे आहे किंवा कुठे तडा आहे, असा संशय घ्यावा. डिपस्टिकवरचे तेल दुधाळ झाले असेल तर संशय बळावतो.

निळा धूर म्हणजे जळणारे तेल. खरा पेच येथे आहे, कारण तेल सिलिंडरमध्ये दोन वाटांनी येते.

५. तेल वरून येते की खालून?

खालची वाट रिंगांची, वरची वाट व्हॉल्व्हच्या गाइडची. धूर कधी येतो यावरून वाट ओळखता येते. पायडल सोडून लांब उतार उतरताना इनटेक मॅनिफोल्डमधील निर्वात वाढतो आणि सैल गाइडमधून तेल ओढले जाते. उतार संपून पुन्हा पायडल दाबताच निळा लोट निघाला, तर संशय गाइडवर जातो. गाडी रात्रभर उभी राहून सकाळी सुरू करताना एकदाच निळा फुत्कार येत असेल, तर व्हॉल्व्हच्या दांड्यावरील सील पाहावे. चढावर जोर लावताना सतत निळा धूर येत असेल, तर रिंगा किंवा सिलिंडर दोषी असण्याची शक्यता अधिक.

हा अंदाज तपासायची जुनी रीत सोपी आहे. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजायचा. कमी दाबाच्या सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडून पुन्हा मोजायचा. दाब वाढला तर तेलाने रिंगांची फट तात्पुरती भरली, म्हणजे गळती तेथे आहे. न वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट तपासावे. मात्र ही चाचणी गाइडमधून येणारे तेल पकडत नाही. दाब उत्तम असूनही निळा धूर येऊ शकतो.

६. नव्या बांधणीचे खास दोष

बांधणी करताना सिलिंडरला लावलेले तेल पहिल्या काही मिनिटांत जळते. त्या धुराला घाबरू नये. रिंगा बसायलाही काही अंतर जावे लागते. सिलिंडरच्या भिंतीवर होनिंगने तिरक्या, एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेषा काढतात. त्या तेल धरून ठेवतात आणि रिंगेला घासून तिचा आकार भिंतीशी जुळवतात. यासाठी रिंगेमागे वायूचा पुरेसा दाब हवा. नवे इंजिन तासन्‌तास नुसते जागेवर चालू ठेवले तर भिंत गुळगुळीत होते आणि रिंगा बसतच नाहीत. ‘रनिंग इन’ची पाटी लावून गाडी फारच जपून चालवल्यानेही काही वेळा हेच घडते. मध्यम वेगाने, कमीअधिक जोर देत चालवणे हा मार्ग योग्य.

धूर तरीही थांबला नाही तर संशयाची यादी स्वस्त कारणापासून सुरू करावी. तेल खुणेपेक्षा जास्त भरले आहे का? इंजिनाचा ब्रीदर तुंबला आहे का? हेडमधून तेल खाली परतण्याची छिद्रे मोकळी आहेत का? सील बसवायचे राहिले का? शेवटी रिंगांकडे वळावे: एखादी उलटी बसली, बसवताना तुटली, किंवा पिस्टन आणि सिलिंडरचे माप जुळले नाही. तेलाचा दाब कमी दाखवत असेल तर आधी दुसऱ्या गेजने खात्री करावी. मग तेलाची जात, रिलीफ व्हॉल्व्ह, पंपाची जाळी आणि सर्वांत शेवटी बेअरिंगची फट पाहावी.

७. समारोप

हे ज्ञान बहुतांशी उस्तादाकडून शागिर्दाकडे तोंडी गेले. कंपनीच्या पुस्तिका इंग्रजीत असत आणि अनेक कारागिरांना त्या वाचता येत नसत. म्हणून इतिहासाच्या अभ्यासकाला त्याच्या नोंदी कमी सापडतात. पुढे परिस्थिती बदलली. 1983 मध्ये मारुती आली, 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी धुराला कायद्याची मर्यादा घातली, आणि 1995 मध्ये चार महानगरांतील नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आवश्यक झाला. तेल जाळणारे इंजिन हा कन्व्हर्टर हळूहळू निकामी करते. पूर्वी धूर मालकाच्या खिशाचा प्रश्न होता, आता तो रस्त्यावर श्वास घेणाऱ्या प्रत्येकाचाही झाला. पण एका खुणेवर निकाल न देता ती केव्हा, कशी दिसते हे तपासण्याची शिस्त आजही तीच आहे.

स्वाध्याय

१. निळा धूर एका काळात सामान्य आणि पुढे दोष का मानला गेला?
२. चढावरचा आणि उतारानंतरचा धूर यांतील फरक कारणांसह स्पष्ट करा.
३. मोटारींच्या टंचाईचा दुरुस्तीच्या ज्ञानावर काय परिणाम झाला?
४. आपल्या गावातील एखाद्या ज्येष्ठ मेकॅनिकची मुलाखत घ्या आणि त्यांनी वापरलेले शब्द त्यांच्याच भाषेत नोंदवा.