नवा कॉम्प्युटर असेम्बल करताय? जुन्या विंडोजचं लायसन्स चालेल का, आधी तपासा

नाशिक : विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. सेवा केंद्र, झेरॉक्सचं दुकान किंवा कृषी सेवा केंद्रातलं जुनं मशीन विंडोज ११ घेत नसेल, तर नवं असेम्बल करण्याचा विचार होतो. मग पहिला प्रश्न येतो : जुनं विंडोज यातच टाकता येईल का? उत्तर लायसन्सच्या प्रकारावर अवलंबून आहे.

प्रकार कोणते?

ओईएम : कंपनीच्या तयार कॉम्प्युटर किंवा लॅपटॉपसोबत आलेलं. हे मदरबोर्डला बांधलेलं असतं, नव्या मशीनवर नेता येत नाही. जुनी हार्ड डिस्क काढून नव्यात लावली तरी लायसन्स सोबत येत नाही. रॅम किंवा एसएसडी बदलली तर मात्र अडचण नाही.

रिटेल : वेगळे पैसे देऊन घेतलेलं. हे नेता येतं, पण एका वेळी एकाच मशीनवर.

व्हॉल्यूम : शाळा, बँका, कार्यालयांचं. घरी किंवा दुकानात वापरता येत नाही.

कसं ओळखाल?

विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा. एस-एल-एम-जी-आर, एक स्पेस, स्लॅश आणि डी-एल-आय असं इंग्रजीत टाइप करून एंटर दाबा. थोड्या वेळाने उघडणाऱ्या चौकटीत प्रकार दिसतो. विंडोज ७ किंवा ८ वरून फुकट अपग्रेड केलं असेल, तर तिथे रिटेल दिसू शकतं. त्याला भुलू नका. मूळ ओईएम असेल तर ते ओईएमच. म्हणून खरेदीचं बिल शोधून ठेवा.

रिटेल असेल तर

१. जुनं मशीन सुरू असतानाच सेटिंग्जमधील ॲक्टिव्हेशनमध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंट जोडा. २५ अक्षरी की असेल तर लिहून ठेवा.
२. नव्या मशीनवर तीच आवृत्ती टाका. होमचं लायसन्स प्रोला चालत नाही. विंडोज १० चं रिटेल लायसन्स ११ ला चालतं.
३. की टाका. की नसेल तर त्याच अकाउंटने लॉगिन करून ॲक्टिव्हेशनमधील ट्रबलशूटमध्ये हार्डवेअर बदलल्याचा पर्याय निवडा.
४. जुन्या मशीनवरून विंडोज काढून टाका.

विंडोज ७ आणि ८ च्या की नव्या मशीनवर टाकून ११ सुरू करण्याची वाट २०२३ मध्ये बंद झाली आहे.

ओईएम असेल तर

नव्या लायसन्सचा खर्च कोटेशनमध्येच धरा आणि पक्कं जीएसटी बिल घ्या. काही शे रुपयांची की आज चालते, उद्या ब्लॉक होऊ शकते. क्रॅक तर नकोच. लोकांचे आधार आणि सातबारे ज्या मशीनवर उघडतात, तिथे व्हायरस आला तर नुकसान गावाचं होतं. उबंटू किंवा लिनक्स मिंट फुकट आहे. मात्र अंगठ्याचं मशीन आणि डिजिटल सहीचं डोंगल त्यावर चालतं का, हे आधी बघा.