पिक्सेल : नाव एक, मापे दोन

संगणकाच्या पडद्यावरील चित्र ज्या सूक्ष्म ठिपक्यांचे बनते, त्यांना पिक्सेल म्हणतात. एका इंचात किती पिक्सेल बसतात, यावर पडद्याची घनता ठरते. १९८४ च्या पहिल्या मॅकिंटॉश संगणकात ती ७२ होती. मुद्रणातील 'पॉइंट'ही इंचाचा ७२ वा भाग धरला जात असल्याने पडद्यावरील व कागदावरील अक्षर जवळपास सारखेच दिसे. विंडोजने पुढे ९६ हे प्रमाण मानले.

घनता वाढताच अडचण उद्भवली. ठिपका लहान झाला, की ठिपक्यांत मोजलेले अक्षरही आक्रसते. २०१० मधील आयफोन ४ ची घनता ३२६, म्हणजे आधीच्या फोनच्या दुप्पट होती. तेथे मापाच्या एका एककासाठी पडद्यावरील चार ठिपके (दोन आडवे, दोन उभे) वापरण्यात आले. अक्षराचा आकार तोच राहिला, वळणे मात्र रेखीव झाली.

वेबपानांच्या सीएसएस प्रणालीतही पिक्सेल हे इंचाचा ९६ वा भाग असे माप आहे. प्रत्यक्ष ठिपका नव्हे.

दुप्पट प्रमाण सोपे असते. दीडपट केल्यास मात्र एका पिक्सेलच्या रेषेच्या वाट्याला दीड ठिपका येतो. ठिपका तोडता येत नसल्याने चित्रांच्या कडा पुसट होऊ शकतात.

अक्षरे बारीक वाटल्यास अनेक जण रिझोल्यूशन कमी करतात. त्यामुळे सारेच चित्र ताणले जाऊन देवनागरीतील अनुस्वार व जोडाक्षरे धूसर होतात. रिझोल्यूशन मूळचेच ठेवून स्केलिंगची टक्केवारी वाढविणे, हाच योग्य उपाय होय.