रग्बीचे नियम सारखे का बदलतात? फुटलेल्या नडग्यांपासून मेंदूच्या हादऱ्यांपर्यंत

रग्बीचा आंतरराष्ट्रीय सामना संपला की चाहत्यांमध्ये दोन वाद हमखास होतात. रेफरीने दाखवलेले लाल कार्ड बरोबर होते का, हा पहिला. आणि दर एक-दोन वर्षांनी येणारे हे ‘प्रायोगिक नियम’ खेळाची मजा घालवत आहेत का, हा दुसरा. टॅकल खाली करा, स्क्रम हळू लावा, डोक्याला लागले की बाहेर जा. जुने चाहते वैतागतात. मग लंगडीच खेळा म्हणावं!

तुम्ही रग्बी पाहत नसाल तरी हा वाद समजून घेण्यासारखा आहे. कारण या खेळाच्या नियमपुस्तकातल्या अनेक मोठ्या बदलांमागे माणसाचा कोणता ना कोणता दुखावलेला अवयव आहे. दुखापत टाळण्यासाठी केलेला नियम हा एक प्रकारचा उपचारच असतो, आणि उपचार म्हटला की तो खरोखर लागू पडतो का हे तपासावे लागते. चांगल्या हेतूने दिलेले औषध उलटते, तसा रग्बीतला एक अतिशय शहाणा वाटणारा नियमही उलटला होता. त्याकडे येऊच.

आधी खेळाची तोंडओळख. दोन्हीकडे १५-१५ खेळाडू, लांबट गोल चेंडू. चेंडू हातात घेऊन धावायचे. हाताने द्यायचा तर मागे किंवा बाजूलाच द्यायचा. चेंडू घेऊन धावणाऱ्याला समोरच्याने धरून पाडणे म्हणजे टॅकल. कबड्डीतली पकड आठवा. फरक इतकाच की इथे दोघेही पूर्ण वेगात असतात आणि शंभर-शंभर किलोंचे असतात.

नडगीवरच्या लाथा आणि एका सर्जनचे पत्र

इंग्लंडमधल्या रग्बी या गावच्या शाळेत हा खेळ वाढला. १८२३ मध्ये विल्यम वेब एलिस नावाच्या मुलाने चेंडू उचलून धाव घेतली, ही गोष्ट सगळीकडे सांगतात. तिला भक्कम पुरावा नाही. १८४५ मध्ये शाळेतल्या मुलांनीच नियम लिहून काढले, हे मात्र खरे. त्या काळी प्रतिस्पर्ध्याच्या नडगीवर लाथ मारणे हा खेळाचाच भाग होता. नडगीचे हाड पुढच्या बाजूला जवळजवळ कातडीखालीच असते. स्नायूंची गादी नाही. पलंगाच्या कोपऱ्यावर नडगी आपटली की काय होते, ते तुम्हाला ठाऊक आहे!

१८६३ मध्ये लंडनमध्ये फुटबॉलचे नियम ठरवायला क्लब जमले, तेव्हा फाटाफूट झाली ती चेंडू हातात घेऊन धावण्यावरून आणि याच लाथांवरून. लाथा बंद केल्या तर खेळातली मर्दुमकी जाईल, असे ब्लॅकहीथ क्लबच्या प्रतिनिधीचे म्हणणे होते. आजच्या वादातला सूर तेव्हाही हाच होता, हे ध्यानात घ्या.

नोव्हेंबर १८७० मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये एक पत्र छापून आले. खाली नाव नव्हते, ‘एक सर्जन’ एवढीच सही. रग्बी शाळेतल्या मुलांच्या दुखापतींची त्यात जंत्री होती: मोडलेले कॉलरबोन, जांघेला, घोट्याला, गुडघ्याला झालेल्या इजा, कुबड्यांवर घरी परतलेली मुले. पत्रावरून बरीच चर्चा झाली. जानेवारी १८७१ मध्ये २१ क्लबांनी मिळून रग्बी फुटबॉल युनियन स्थापन केली आणि लाथा मारणे व पाय घालून पाडणे नियमाने बंद केले. एका पत्राने हे घडवले असे म्हणणे धाडसाचे ठरेल. काही क्लब आधीच या लाथांना कंटाळले होते. पण दुखापती मोजून समाजापुढे मांडायचे काम एका डॉक्टरने केले, याचे मला अप्रूप वाटते.

त्याच वर्षी २७ मार्चला एडिंबरामध्ये स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यात पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला, आणि तो स्कॉटलंडने जिंकला. तेव्हा प्रत्येक बाजूला २० खेळाडू असत. १८७७ पासून १५ झाले. (विषयांतर: हे दोन देश आजही ज्या चषकासाठी खेळतात त्याचे नाव कलकत्ता कप. कलकत्त्याचा रग्बी क्लब १८७८ मध्ये बंद पडला, तेव्हा सभासदांनी बँकेतले चांदीचे रुपये काढून, ते वितळवून हा चषक घडवून घेतला.)

बदली खेळाडू नाही म्हणजे नाही

यानंतर जवळजवळ शंभर वर्षे एक विचित्र गोष्ट चालू राहिली. आंतरराष्ट्रीय सामन्यात कोणी जखमी झाला तर त्याच्या जागी दुसरा खेळाडू घेता येत नसे. संघाने १४ जणांत खेळायचे, नाहीतर जखमी माणसाने तसेच लंगडत मैदानावर राहायचे. बहुतेक जण राहतच. १९६८ मध्ये हा नियम सैल झाला आणि त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत ब्रिटिश लायन्सच्या बॅरी जॉनचे कॉलरबोन मोडले, तेव्हा त्याच्या जागी माइक गिब्सन आला. कसोटी रग्बीतला हा पहिला बदली खेळाडू.

सवलत आली की पळवाटही येते. रक्त वाहत असेल तर खेळाडूला तात्पुरते बाहेर नेऊन दुसरा पाठवता येतो. २००९ मध्ये लंडनच्या हार्लेक्विन्स संघाच्या एका खेळाडूने लेन्स्टरविरुद्धच्या सामन्यात तोंडात नकली रक्ताची कॅप्सूल फोडली. पुढे तर बनाव लपवण्यासाठी संघाच्या डॉक्टरने ड्रेसिंग रूममध्ये त्याच्या ओठावर खरी चीर दिली. प्रशिक्षकावर तीन वर्षांची बंदी आली, डॉक्टरची वैद्यकीय परिषदेपुढे चौकशी झाली. मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या डॉक्टरवर कसला दबाव असतो, ते यातून दिसते.

स्क्रम आणि मान

स्क्रममध्ये दोन्ही संघांचे आठ-आठ जण खांद्याला खांदा लावून, वाकून एकमेकांना रेटतात. पुढच्या रांगेतल्या तिघांच्या माना समोरच्या तिघांच्या मानांमध्ये अडकलेल्या असतात आणि मागून पाच जणांचा जोर. स्क्रम कोसळला आणि डोके जमिनीला टेकून मान पुढे दुमडली, तर मानेचे मणके सरकू शकतात. त्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू जातो. तो चिरडला गेला की खालचे शरीर लुळे पडते, आणि आजच्या घडीलाही ते पूर्ववत करण्याचा उपाय आपल्याकडे नाही.

१९७० आणि ८० च्या दशकांत असे तरुण मोठ्या संख्येने रुग्णालयांत येऊ लागले. इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिल या मज्जारज्जूच्या उपचारांसाठी प्रसिद्ध असलेल्या रुग्णालयातले डॉ. जॉन सिल्व्हर यांनी अशा रुग्णांच्या नोंदी एकत्र करून १९८४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापल्या. त्यानंतर कुमारवयीन खेळाडूंच्या स्क्रमचे नियम कडक होत गेले.

सगळ्यात बोलका आकडा न्यूझीलंडचा आहे. तिथे २००१ मध्ये ‘रग्बीस्मार्ट’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. प्रत्येक प्रशिक्षकाला आणि रेफरीला दरवर्षी सुरक्षिततेचे प्रशिक्षण सक्तीचे केले. आधीच्या वर्षांच्या हिशेबाने २००१ ते २००५ या काळात स्क्रममुळे कायमचे अपंगत्व आणणाऱ्या मणक्याच्या सुमारे ९ दुखापती अपेक्षित होत्या. प्रत्यक्षात एकच झाली. पुढे २०१३ मध्ये जगभर स्क्रमची पद्धत बदलली. लांबून धडक देण्याऐवजी आधी वाकायचे, मग समोरच्याला धरायचे आणि मगच रेटायचे. बाथ विद्यापीठाच्या मोजमापांत धडकेचा जोर यामुळे साधारण २५ टक्क्यांनी कमी झाला. चाहत्यांची तक्रार तीच, स्क्रम लावायला फार वेळ जातो. जातो खरा.

२००८ चे प्रायोगिक नियम अनेकांना आठवत असतील. दक्षिण आफ्रिकेतल्या स्टेलेनबॉश विद्यापीठात २००६ पासून त्यांची आधी चाचणी घेतली होती. त्यातल्या एका नियमाने मॉल पाडायला मुभा दिली होती. (हा मॉल खरेदीचा नव्हे, उभ्याउभ्या एकमेकांना चिकटून पुढे सरकणारा खेळाडूंचा घोळका.) घोळका पाडला की खाली कोण सापडेल याचा नेम नाही. २००९ मध्ये बरेच प्रायोगिक नियम कायम झाले, हा मात्र टाकून दिला.

मेंदूला हादरा म्हणजे काय?

मेंदू कवटीत घट्ट बसवलेला नसतो. द्रवात तरंगत असतो. डोके अचानक थांबले किंवा झटक्याने वळले की मेंदू आत मागे राहतो, पिळवटतो आणि त्यातले नाजूक तंतू ताणले जातात. याला आपण कन्कशन म्हणतो. बेशुद्ध पडलेच पाहिजे असे नाही. बहुतेक जण पडतही नाहीत. गोंधळणे, तोल जाणे, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे, उजेड सहन न होणे ही लक्षणे असतात. सीटी स्कॅन बहुधा नॉर्मल येतो, कारण बिघाड पेशींच्या कामकाजात असतो. ‘स्कॅन नॉर्मल आहे, मग उद्या खेळू दे ना?’ या पालकांच्या प्रश्नाला म्हणूनच ‘नाही’ असे उत्तर द्यावे लागते. काही खेळाडू घालतात ती मऊ टोपी कान आणि कातडी वाचवते. कवटीच्या आतला मेंदू हलायचा थांबत नाही.

खरा धोका पहिला हादरा भरून येण्याआधी दुसरा बसण्यात आहे. २०११ मध्ये उत्तर आयर्लंडमधला १४ वर्षांचा शाळकरी मुलगा एकाच सामन्यात पुन्हा पुन्हा डोक्याला लागूनही खेळत राहिला आणि दगावला.

रग्बीत १९७७ पासून हादऱ्यानंतर तीन आठवडे सक्तीची विश्रांती होती. कागदावर उत्तम. पण झाले काय, तीन आठवडे बसावे लागेल म्हणून कोणी ‘हादरा’ हा शब्दच उच्चारीना. २०११ मध्ये तो नियम जाऊन टप्प्याटप्प्याने परतण्याची पद्धत आली. २०१२ मध्ये मैदानाच्या कडेला पाच मिनिटांची तपासणी सुरू झाली. तेव्हा आंतरराष्ट्रीय संघटनेचे वैद्यकीय सल्लागार असलेले डॉ. बॅरी ओड्रिस्कॉल यांनी राजीनामा दिला. हादऱ्याची शंका आली तर माणूस बाहेरच राहिला पाहिजे, पाच मिनिटांत त्याला निर्दोष ठरवता येत नाही, असे त्यांचे म्हणणे. पुढच्याच वर्षी सिडनीत लायन्सविरुद्धच्या कसोटीत ऑस्ट्रेलियाचा जॉर्ज स्मिथ डोके आपटून झोकांड्या खात बाहेर गेला, तपासणीत पास झाला आणि थोड्याच वेळात परत आला. सगळ्या जगाने ते पाहिले. तपासणीची वेळ पुढे वाढवली गेली, आणि डोळ्यांना दिसण्याइतकी लक्षणे असतील तर थेट बाहेर, असे ठरले.

उशिरा दिसणारे परिणाम आता समोर येत आहेत. २००३ चा विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंड संघातल्या स्टीव्ह थॉम्प्सनने २०२० मध्ये, चाळिशीतच, स्मृतिभ्रंश झाल्याचे जाहीर केले. तो विजय त्याला आठवत नाही. ग्लासगोच्या संशोधकांनी २०२२ मध्ये स्कॉटलंडच्या ४१२ माजी आंतरराष्ट्रीय खेळाडूंची तुलना सर्वसामान्यांशी केली. मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांचा धोका खेळाडूंमध्ये सुमारे अडीचपट निघाला.

उलटलेला उपचार

आता तो शहाणा नियम. जागतिक संघटनेने व्यावसायिक सामन्यांतल्या डोक्याच्या ६११ तपासण्यांचा अभ्यास केला. ७६ टक्के प्रसंग टॅकलमधले होते. तुम्हाला वाटेल, पाडला जाणारा जखमी होत असेल. उलट होते: टॅकलमधल्या प्रसंगांत ७२ टक्के वेळा डोक्याला लागले ते टॅकल करणाऱ्याला. ताठ उभे राहून टॅकल केला की डोक्यावर डोके आदळते. मग उपाय सरळ होता, टॅकलची उंची खाली आणा.

इंग्लंडने २०१८-१९ च्या हंगामात दुसऱ्या श्रेणीच्या चषक स्पर्धेत हे करून पाहिले. पूर्वी खांद्याच्या रेषेपर्यंत चाले, आता काखेच्या खालीच. टॅकल खाली आले, पण हादरे घटले नाहीत, वाढले! जानेवारी २०१९ मध्ये प्रयोग मध्येच थांबवला. चेंडूवाला जवळच्या अंतरावरून वाकूनच घुसतो आणि आता टॅकल करणाराही वाकू लागला, म्हणून दोन्ही डोकी पुन्हा एकाच उंचीवर आली. नियम फक्त एकालाच लावला होता.

फ्रान्सने यातून वेगळी वाट काढली. तिथे २०१८ पासून वर्षभराच्या आतच चार तरुण खेळाडू दगावले होते. २०१९ पासून हौशी रग्बीत टॅकल कमरेखाली आणि चेंडूवाल्यानेही डोके खाली घालून घुसायचे नाही, असा दुहेरी नियम आला. डोक्यावर डोके आपटण्याचे प्रकार घटल्याचे तिथल्या संघटनेने सांगितले. २०२३ मध्ये इंग्लंडने कमरेचीच रेषा जाहीर केली, तेव्हा क्लबांनी एवढा गदारोळ केला की संघटनेला माफी मागावी लागली; शेवटी छातीच्या हाडाच्या खालच्या टोकाशी तडजोड झाली.

सध्या वाद आहे २० मिनिटांच्या लाल कार्डाचा. पूर्वी लाल कार्ड म्हणजे उरलेला सामना १४ जणांत. या प्रायोगिक नियमात २० मिनिटांनी संघ दुसरा खेळाडू पाठवू शकतो. २०२५ च्या सिक्स नेशन्समध्ये तो वापरला गेला. सामन्याची रंगत टिकते, असे समर्थक म्हणतात. डोक्यावर येणाऱ्या टॅकलची जरब कमी होईल, असे विरोधक म्हणतात. फ्रान्सने तर जाहीर विरोध केला. माझा कल विरोधकांकडे आहे. पण काखेखालच्या टॅकलचा अनुभव पाहता, माझ्या किंवा चाहत्यांच्या कलाला फारसे वजन देऊ नये. २०२४ पासून वरच्या पातळीवरच्या खेळाडूंच्या दातांवर सेन्सर असलेले माउथगार्ड असतात. डोक्याला ठरावीक मर्यादेपलीकडचा झटका बसला आणि डोके ठरावीक मर्यादेपलीकडे वेगाने फिरले, की मैदानाबाहेरच्या डॉक्टरला इशारा जातो. या नियमाच्या आधी आणि नंतर असे इशारे किती आले आणि हादरे किती निघाले, ते मोजता येईल. पुढच्या वेळी लाल कार्डावरून भांडण लागले, तर हा आकडा विचारा.