विमान चालवताना गाणी ऐकता येतात का? छोट्या विमानातला हेडसेट, ब्लूटूथ आणि ऑडिओ पॅनल

गाडीत बसलं की आपण सीटबेल्टच्या आधी ब्लूटूथ जोडतो. लाँग ड्राइव्ह म्हटली की प्लेलिस्ट हवीच. मग जो माणूस स्वतः विमान चालवतोय, त्याचं काय? त्याला गाणी ऐकता येतात का?

हा लेख इंडिगो किंवा एअर इंडियाच्या मोठ्या विमानांबद्दल नाही. आपण बोलतोय दोन ते चार सीटच्या, एका इंजिनाच्या छोट्या विमानांबद्दल. नागपूरकरांना ही विमानं नवीन नाहीत. राज्य सरकारच्या नागपूर फ्लाइंग क्लबकडे सेसना १५२ आणि सेसना १७२ आहेत. तिकडे गोंदियाजवळ बिरसीच्या धावपट्टीवर पायलट व्हायला आलेली मुलं डायमंड डीए४० उडवतात. कमर्शियल पायलटच्या लायसन्ससाठी आपल्याकडे २०० तासांचं उड्डाण लागतं. एवढे तास कानाला हेडसेट लावून बसायचं म्हटल्यावर हा प्रश्न कोणाच्याही डोक्यात येणारच.

थोडक्यात उत्तर: हो, तांत्रिकदृष्ट्या अगदी सहज येतात. पण विमानात ऐकायच्या गोष्टींची एक रांग असते आणि गाण्याचा नंबर त्यात सगळ्यात शेवटी लागतो. त्या रांगेतले काही आवाज तर असे आहेत, की त्यांच्यासाठी कोणतंही गॅजेट गाणं आपोआप थांबवत नाही. ते काम पायलटलाच करावं लागतं. हे कसं, ते नीट समजून घेऊया.

आधी हेडसेट का लागतो?

सेसनाच्या केबिनमध्ये साधारण ९० डेसिबलच्या आसपास आवाज असतो. हेडसेटशिवाय शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं आणि रोजच्या उड्डाणाने कानही खराब होऊ शकतात.

हा आवाज येतो कुठून? एक सोपं गणित करू. इंजिन मिनिटाला २४०० फेरे घेतंय असं धरा. म्हणजे सेकंदाला ४०. चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्यात दोनदा स्फोट होतो, म्हणजे सेकंदाला ८०. प्रोपेलरला दोन पाती असतील तर तीही सेकंदाला ८० वेळा हवा कापतात. मिळून ८० हर्ट्झची जाड घरघर तयार होते. ढोल-ताशा पथकातला ढोल छातीत घुमतो ना, साधारण त्याच भागातला हा आवाज. म्हणूनच साध्या हेडसेटमध्ये गाणं लावलं तर त्याचा बेस इंजिनाच्या घरघरीत हरवतो आणि गाणं पातळ वाटतं. मग माणूस व्हॉल्यूम वाढवत जातो, आणि खरी गडबड तिथून सुरू होते.

नॉइज कॅन्सलेशनचा हेडसेट, ज्याला पायलट एएनआर म्हणतात, हाच कमी फ्रिक्वेन्सीचा आवाज उलट्या लहरीने कापतो. तुमच्या इअरबडमधलं एएनसी तेच करतं. हे तंत्रज्ञान फोनच्या कितीतरी आधी विमानात आलं. बोस कंपनीने १९८९ मध्ये पायलटांसाठी असा हेडसेट बाजारात आणला, तेव्हा आपल्याकडे वॉकमनची हवा होती.

आपला नेहमीचा हेडफोन का चालत नाही?

तीन कारणं आहेत.

पहिलं, प्लग वेगळा. छोट्या विमानात हेडसेटला दोन पिना असतात, एक ऐकायची आणि एक बोलायची. दोन्हींची जाडी वेगळी, म्हणजे चुकून उलट-सुलट बसणार नाहीत.

दुसरं, इंपिडन्स वेगळा. फोनचा इअरफोन १६ ते ३२ ओहमचा असतो, तर विमानाचा हेडसेट बहुधा १५० ओहम किंवा त्याहून जास्त. त्यामुळे साधा अॅडॅप्टर लावून दोन्ही नीट जुळत नाहीत.

तिसरं, माइक. विमानातला माइक ओठांजवळ असतो आणि आजूबाजूचा गोंगाट कापून फक्त तुमचं बोलणं पकडतो. इअरबडचा माइक कानाजवळ असतो. तो इंजिनाचाच आवाज पुढे पाठवेल.

आजकालच्या महागड्या एव्हिएशन हेडसेटमध्ये ब्लूटूथ असतं. ते २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि विमानाचा संवादाचा रेडिओ ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, त्यामुळे दोघांची सहसा टक्कर होत नाही. फोनच्या नेटवर्कचं तसं नाही. जुन्या टू-जी फोनवर कॉल येण्याआधी स्पीकरमधून 'टिर्र टिर्र' आवाज यायचा, आठवतंय? तसाच आवाज हेडसेटमध्येही येऊ शकतो. म्हणून गाणी फोनमध्ये आधीच डाउनलोड करून ठेवायची आणि फोन फ्लाइट मोडवर टाकायचा.

ऑडिओ पॅनल: तुमच्या फोनमधलंच 'डकिंग'

गूगल मॅप्सवाली बाई "२०० मीटरवर डावीकडे वळा" म्हणते तेव्हा गाण्याचा आवाज आपोआप खाली जातो. अँड्रॉइडमध्ये याला ऑडिओ फोकस म्हणतात आणि आवाज खाली जाण्याला डकिंग. प्रत्येक अॅप सिस्टिमकडे फोकस मागतं आणि मग कोणाचा आवाज वर राहील ते ठरतं.

विमानात हेच काम ऑडिओ पॅनल नावाचा डबा करतो. दोन रेडिओ, शेजारच्याशी बोलायचा इंटरकॉम, नेव्हिगेशनचे सिग्नल आणि गाणं, हे सगळं त्याच्यातून जातं. गार्मिनच्या जीएमए ३४० सारख्या पॅनलमध्ये संगीतासाठी वेगळं इनपुट असतं. रेडिओवर कोणी बोललं किंवा केबिनमध्ये कोणी तोंड उघडलं की पायलटच्या कानातलं गाणं लगेच दबतं आणि बोलणं संपलं की हळूहळू परत वर येतं.

सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस म्हणून मला या डब्यातली एक गोष्ट फार आवडते. त्याची वीजच गेली तर काय होतं? पायलटचा हेडसेट थेट पहिल्या रेडिओला जोडला जातो. इंटरकॉम गेला, गाणं गेलं, पण कंट्रोल टॉवर गेला नाही. सगळं बिघडल्यावर काय उरलं पाहिजे हे आधीच ठरवून ठेवलेलं आहे. आपल्या अॅप्समध्ये असा विचार किती वेळा होतो, हा वेगळ्या लेखाचा विषय.

आता यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. हेडसेटच्या आत इअरबड घालून गाणं ऐकलं तर ही पूर्ण व्यवस्था बायपास होते. टॉवर बोलेल, पॅनल आपलं काम करेल, पण तुमचा इअरबड गातच राहील. ऐकायचंच असेल तर पॅनलमधून किंवा गाणं आपोआप दाबणाऱ्या एव्हिएशन हेडसेटमधून, इअरबडमधून कधीच नाही.

पण हे आवाज पॅनलमध्ये येतच नाहीत

खरा धोका इथे आहे. विमानातल्या सगळ्या सूचना वायरमधून येत नाहीत.

सेसना १५२ मधला स्टॉल हॉर्न घ्या. स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणं नव्हे. पंखावरून हवा नीट वाहायची थांबते, उचल कमी होते आणि विमान खाली बसू लागतं. त्याच्या थोडं आधी, साधारण ५ ते १० नॉट वेग शिल्लक असताना हा हॉर्न वाजतो. तो कसा वाजतो माहितीये? पंखाच्या पुढच्या कडेला एक छोटं भोक असतं. पंख धोक्याच्या कोनात गेला की तिथे हवा ओढली जाते आणि आतली पत्ती बाजाच्या पेटीतल्या सुरासारखी वाजते. वीज नाही, सेन्सर नाही, सॉफ्टवेअर नाही. म्हणूनच तो इतका भरवशाचा आहे. पण त्याच कारणाने ऑडिओ पॅनलला त्याचा पत्ताच नसतो. त्याच्यासाठी गाणं दबत नाही. हेडसेटच्या गादीने आधीच तो मंद झालेला असतो, वर गाणं चालू असेल तर सुरुवातीचा बारीक सूर सहज निसटतो. आणि हा सूर महत्त्वाचा असतो तो लँडिंगच्या वळणावर, जमीन काहीशे फूट खाली असताना.

दुसरं उदाहरण इंजिनाचं. जुन्या सेसनात कार्ब्युरेटर असतो. हवा दमट असेल तर बाहेर २५ अंश तापमान असतानाही त्याच्या आत बर्फ जमू शकतं, कारण पेट्रोलची वाफ होताना आतलं तापमान एकदम उतरतं. विदर्भातल्या पावसाळ्यात अशी हवा सहज मिळते. सुरुवातीला फेरे थोडे कमी होतात, मग घरघरीत खरखर येते. मीटरवर नजर जाण्याआधी बऱ्याचदा कानालाच ते कळतं. एएनआर आणि गाणं, दोन्ही मिळून नेमकी हीच खरखर लपवतात. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने २००७ मध्ये नॉइज कॅन्सलिंग हेडसेटबद्दल असाच सावधगिरीचा सल्ला दिला होता.

म्हणजे छोट्या विमानात कान हेसुद्धा एक मीटर आहे. आणि ते कोणत्याही पॅनलला जोडलेलं नाही.

रेडिओवर अर्धं वाक्य चालत नाही

नागपूर विमानतळाची धावपट्टी ३२०० मीटरची. तिच्यावर मोठी प्रवासी विमानं उतरतात. त्याच विमानतळावर एखादी छोटी सेसना असेल, तर "होल्ड शॉर्ट, रनवे थ्री टू" याचा अर्थ धावपट्टीच्या अलीकडे थांबा. यातलं फक्त "रनवे थ्री टू" ऐकू आलं तर काय होईल, विचार करा. म्हणून महत्त्वाच्या सूचना पायलटने परत म्हणून दाखवायच्या असतात.

विमानाचा रेडिओ अजूनही एएम पद्धतीचा आहे, एफएम नाही. एफएममध्ये जोरदार सिग्नल कमजोर सिग्नलला पूर्ण गिळतो. एएममध्ये दोघं एकदम बोलले तर शिट्टी किंवा किचाट ऐकू येते, म्हणजे मागे अजून कोणीतरी आहे हे कळतं. पण त्याची किंमत अशी, की आवाज खरखरीत येतो आणि लक्ष देऊन ऐकावा लागतो. गाणं आपोआप दबलं तरी लक्ष गाण्यातून बाहेर यायला क्षणभर लागतोच, आणि तोवर पहिला शब्द गेलेला असतो. तुमचा कॉल साइन बहुतेक त्याच पहिल्या शब्दात असतो.

ब्लूटूथच्या आधीची गाणी

विमानात गाणी ऐकणं मात्र नवीन अजिबात नाही. जुन्या विमानांमध्ये एडीएफ नावाचं यंत्र असायचं, काहींमध्ये आजही आहे. जमिनीवरच्या रेडिओ स्टेशनकडे त्याची सुई वळते. हे यंत्र साधारण २०० ते १७०० किलोहर्ट्झ पकडतं, आणि आकाशवाणीचा मीडियम वेव्ह याच पट्ट्यात येतो. आकाशवाणी नागपूरचं ५८५ किलोहर्ट्झ लावलं तर एकाच यंत्रातून शहराची दिशाही मिळणार आणि गाणीही. १९८८ मध्ये सुरू झालेली आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी तर नागपूरहूनच १५६६ किलोहर्ट्झवर १००० किलोवॅटच्या ट्रान्समीटरवरून यायची.

ही युक्ती युद्धातही वापरली गेली. १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला करायला निघालेल्या जपानी विमानांनी होनोलुलूच्या रेडिओ स्टेशनवर वाजणाऱ्या संगीताचा माग धरत दिशा पक्की केली होती.

नियम काय सांगतात?

भारतात १९३७ च्या विमान नियमांमधला नियम २९बी पोर्टेबल इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या वापरावर मर्यादा घालतो. २०१४ मध्ये डीजीसीएने फ्लाइट मोडवरची उपकरणं वापरायला मोकळीक दिली.

विमानाचं स्वतःचं हँडबुकही बघावं लागतं. जी१००० स्क्रीन असलेल्या सेसना १७२एसमध्ये गाण्यासाठी ऑक्स इनपुट कंपनीनेच दिलंय, पण टेकऑफ आणि लँडिंगच्या वेळी ते वापरायला हँडबुकमध्ये सरळ मनाई आहे.

एअरलाइन्समध्ये 'स्टराइल कॉकपिट'चा नियम असतो. १९७४ मध्ये अमेरिकेत शार्लटजवळ एक विमान उतरताना कोसळलं. पायलट तेव्हा इकडच्या-तिकडच्या गप्पांमध्ये होते. त्यानंतर १९८१ मध्ये तिथे नियम आला, की १०,००० फुटांखाली कामाशिवाय बोलायचं नाही. आता सेसना १५२ घ्या. तिचं शिकाऊ उड्डाण बहुतेक वेळा काही हजार फुटांवरच असतं. हा आकडा जसाच्या तसा लावला तर अख्खं उड्डाणच 'स्टराइल' होईल. म्हणून छोट्या विमानाच्या पायलटला उंचीपेक्षा कामावरून सीमा आखावी लागते.

मग गाणं लावायचं कधी?

नागपूर ते बिरसी सरळ रेषेत साधारण १३५ किलोमीटर, म्हणजे सेसना १५२ ला पाऊण तास. त्यातला टॅक्सी, टेकऑफ आणि चढण्याचा वेळ काढा. उतरण्याची तयारी काढा. मध्ये रेडिओवरचे रिपोर्ट आणि नकाशा जुळवणं काढा. हातात उरतात मोजकी मिनिटं, तीही हवा स्वच्छ असेल तर.

- टॅक्सी, टेकऑफ, चढाई, लँडिंग आणि विमानतळाजवळचं वर्तुळ: गाणं बंद.
- शिकाऊ उड्डाण, सोलोसुद्धा: गाणं नकोच. विमानाचा आवाज ओळखायला शिकायचे हेच दिवस असतात.
- खराब हवा, अनोळखी भाग, काहीतरी वेगळं वाटतंय: सगळ्यात आधी गाणं बंद, मग बाकीचं.
- सरळ, शांत क्रूझ, लायसन्स असलेला पायलट, पॅनलमधून हळू आवाजात: चालतं.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*मागे बसलेल्या प्रवाशाला गाणी ऐकता येतील का?*
हो. बऱ्याच ऑडिओ पॅनलमध्ये पायलटला वेगळं ठेवायची सोय असते. प्रवासी आपली गाणी ऐकतात आणि पायलटच्या कानात फक्त रेडिओ राहतो. पायलटने सांगितलं की बंद मात्र करायचं.

*नॉइज कॅन्सलेशन धोक्याचं आहे का?*
नाही. त्याने कान वाचतात, थकवा कमी होतो आणि रेडिओ स्पष्ट ऐकू येतो. फक्त ते चालू असताना स्टॉल हॉर्न कसा ऐकू येतो, इंजिन कसं वाटतं, हे इन्स्ट्रक्टरसोबत सुरक्षित उंचीवर एकदा ऐकून घ्यायचं.

*गाण्याने झोप येत नाही, मग ते चांगलंच ना?*
झोप येत असेल तर त्यावर गाणं हा उपाय नाही. जवळच्या धावपट्टीवर उतरणं हा उपाय आहे.

बाइक असो वा कार, हाच हिशोब रस्त्यावरही लावून बघा. मॅप्स बोलली की फोन गाणं खाली घेतो, पण मागून येणाऱ्या ट्रकच्या हॉर्नसाठी घेत नाही. त्या हॉर्नसाठी व्हॉल्यूम आपल्यालाच आधीपासून कमी ठेवावा लागतो.